फळा वाळेपर्यंत

बस सौमित्र, इथं पायरीवरच बस. दिवे गेल्यावर आत डासांशिवाय काही नाही. कंदील मधे ठेव आणि वात जरा कमी कर, काच काळी होते.

तू कचेरीची किल्ली मागायला आलास. उद्या सकाळी सुतार येईल, भिंतीवरचा हा फळा काढेल आणि त्या जागी काचेचं कपाट बसवेल. छापील पत्रक आत लावलं की आठवड्याभराच्या कार्यक्रमांची काळजी मिटली. तुझं बरोबर आहे. कलामंडळाचा चिटणीस आता तू आहेस. पण किल्ली देण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि ते चुकले असते असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ज्योतिबा पेंटर तुला आठवत नसेल. तू तेव्हा पुण्याला शिकत होतास. मी सांगलीहून निवृत्त होऊन वाईला परत आलो, तेव्हा हा फळा त्याच्या हातात होता. माघातल्या कलासप्ताहात तो रोज दुपारी स्टुलावर चढून दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम लिहायचा. बासरीवादन असो, कीर्तन असो, शाळेचं नाटक असो. खडू साखरेच्या पाण्यात भिजवलेला असायचा. ओला असताना लिहिलेलं जवळजवळ दिसत नाही, फळ्यावर नुसता ओलसर डाग दिसतो. मग ऊन लागलं की अक्षर हळूहळू पांढरं होत वर येतं आणि हातानं पुसलं तरी सहजी जात नाही. ते बघायला शाळेतली पोरं समोर उभी राहायची. ज्योतिबा डावखुरा होता. लिहून झालं की खाली एक छोटी समई काढायचा. तिची ज्योत नेहमी डावीकडं झुकलेली.

"ज्योत सरळ का नाही काढत?" मी एकदा विचारलं होतं.

"आवं सर, वारा हाय की," तो म्हणाला. "सरळ ज्योत फकस्त देवळात."

तीस वर्षं त्यानं हे काम केलं. आणि त्र्याण्णव साली सप्ताहाच्या शेवटी मी आभार मानले. मांडववाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले, पाहुण्यांना स्टँडवरून आणणाऱ्या रिक्षावाल्याचेसुद्धा मानले. ज्योतिबाचं नाव राहिलं. कागदावर लिहायचंच विसरलो होतो. तो मागं खांबाला टेकून उभा होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याची माफी मागायला गेलो, तर हसला.

"सर, फळ्याचं कोन आभार मानतंय व्हय?"

त्या श्रावणात तो गेला. कावीळ झाली होती. मी तेराव्याला गेलो. बोलायचं खूप होतं, पण नुसता बसून उठून आलो.

पुढच्या वर्षी फळा लिहायची वेळ माझ्यावर आली. माझं अक्षर वाचता येतं, एवढंच त्याचं कौतुक. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव, पुढं लागेल. एकोणनव्वद साली सांगलीला विश्रामबागच्या चौकात मी स्कूटरवरून पडलो. तेव्हापासून माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मी लिहितो उजव्या हातानं, तेही स्टुलावर उभं राहून, एका हातानं भिंतीचा आधार घेत.

बुधवारी सकाळी मी शनिवारचा कार्यक्रम सगळ्यात वर, ठळक लिहिला. 'बालनाट्य. सायंकाळी सहा. स्थळ : सभागृह.' दुपारी जेवून शेजारच्या कचेरीत बाकावर आडवा झालो. सप्ताहात घरी जाऊन परत येणं होत नाही. तीनच्या सुमारास उठून बाहेर आलो, तर फळ्याचा वरचा भाग ओला होता. 'सभागृह' पुसलेलं. मला वाटलं, कुणा पोरानं चिंध्या ओल्या करून खेळ केला असेल. मी नवा खडू आणायला वळलो आणि थांबलो. ओल वाळत होती. आणि वाळता वाळता…

अक्षर वर येत होतं, सौमित्र. आधी कान्याची रेघ, मग 'घ', मग 'ट'. 'स्थळ : घाट.' आणि खाली समई.

ज्योत डावीकडं.

मी कचेरीतलं कपाट उघडलं. ज्योतिबाचा पत्र्याचा डबा आत तसाच होता. झाकण गंजून बसलेलं. चाकूच्या टोकानं उचकटलं तर आतले खडू खडखडत होते. कोरडे, खड्यांसारखे.

मग माझ्या मनात जे आलं, ते त्या अक्षरांपेक्षा जास्त भयंकर होतं. माझे वडील शेवटी शेवटी पायातलीच चप्पल घरभर शोधायचे. मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारायचे. मला वाटलं, आपलीही वेळ आली. आपणच लिहिलं आणि विसरलो. मी कोरड्या फडक्यानं घासून घासून पुसलं, वर 'सभागृह' लिहिलं आणि घरी गेलो. बायकोला, चारुलतेलाही, काही बोललो नाही.

गुरुवारी दुपारी बाकावरून उठलो, तर तेच. तीच ओल, तोच 'घाट'.

त्या संध्याकाळी मी धोंडुबाईकडं गेलो. ज्योतिबाची बायको. ढोल्या गणपतीच्या मागच्या आळीत राहायची. दारात बसून लसूण सोलत होती.

"धोंडुबाई, ज्योतिबानं कुणाला हात दिला होता का? म्हणजे लिहायला शिकवलं होतं का कुणाला?"

"न्हाई ओ. पोराला म्हनलं शीक, तर त्यो गेला शिरवळला कारखान्यात." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "का वो सर? त्वांड का उतरलंय?"

"काही नाही. सहज."

"सहज कोन एवढं चालत येतंय?" ती हसली. मग लसणाची सुपली बाजूला सारली. "तुमच्या त्या माडीचं काय केलंसा?"

"कसली माडी?"

"सभागृहातली. पोरं बसत्यात ती. मागल्या सालचा पडदा रंगवताना ह्ये त्या माडीखाली बसायचं. घरी आलं की डोक्यात भुगा. तुळईतनं गळायचा. म्हनायचं, आतनं पार पोखरलीया. म्हनलं, मग सांगा की कुनाला तरी. तर म्हनलं, सरांना सांगितलंय."

"मला?"

"व्हय. तुमालाच."

मला आठवत नव्हतं, सौमित्र. आजही आठवत नाही. सांगितलं असेल. आभारांच्या गडबडीत मी 'बैठकीत मांडतो' म्हणालो असेन. तेवढं एक वाक्य मी आयुष्यात हजार वेळा म्हटलं आहे.

घरी आलो तर माझी नात ओवी कोंबडीचा वेष घालून अंगणात उड्या मारत होती. तिला नाटकात कोंबडीचं काम होतं. "आजोबा, माझ्या वर्गातली सगळी माडीवर बसणारेत," ती म्हणाली. "वरून कोंबडी नीट दिसते."

शुक्रवारी मी दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं. सकाळी कोरड्या खडूनं स्वच्छ 'सभागृह' लिहिलं आणि जेवणाचा डबा घेऊन इथं, याच पायरीवर बसलो. बारा वाजले, एक वाजला. बाजार सामसूम झाला. कुठं तरी गिरणीचा पट्टा फटफटत होता, तोही बंद पडला. उन्हात तापलेल्या भिंतीचा वास येत होता. आणि साखरेचा, जरासा करपलेला. मी डोळा मिटला नाही. फळ्याजवळ कुणी आलं नाही.

मग भिंतीच्या भेगेतून मुंग्या निघाल्या.

एक रांग वर चढली, माझ्या 'सभागृह' या शब्दावर गेली आणि तिथं पसरली. मी पुसलेली साखर फळ्यावर कुठं तरी उरली असणार, हे मला कळत होतं. मी पदार्थविज्ञान शिकवलं आहे. पण कळणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. माझ्या पांढऱ्या अक्षरांवरून काळी अक्षरं चालत होती… घाट. खाली समई, आणि तिची ज्योतही हलत होती.

त्या संध्याकाळच्या बैठकीत मी मुंग्यांचं नाव काढलं नाही. अध्यक्ष सुमंत वकील होते. मी एवढंच म्हणालो की माडीच्या तुळईतून भुगा गळतो, बालनाट्य घाटावर घेऊ.

"गोपाळराव, ती माडी साठ वर्षं उभी आहे," सुमंत म्हणाले. "तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

"निदान माडी बंद ठेवू."

"मग वरची पोरं काय तुमच्या मांडीवर बसवायची?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, सवय आहे मला. पण मी टेबलावर हात आपटला. आवाज एवढा झाला की मीच दचकलो. "नाटक घाटावर होत नसेल तर माझा राजीनामा घ्या," मी म्हणालो. मी चुकलो असतो तर? दोनशे पोरं, त्यांचे आईबाप, वीज, पडदे, सगळं एका म्हाताऱ्याच्या भासासाठी हलवायचं?

सुमंतांनी चष्मा पुसला. "बरं. फजिती झाली तर आभार मात्र तुम्ही मानायचे."

"मानतो," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी रिक्षा कर्णा लावून गावभर फिरली. फळ्यावर मी स्वतः 'घाट' लिहिलं. सभागृहाला मी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सहा वाजता घाटाच्या पायऱ्या भरून गेल्या. नदीवर गार वारा होता. ओवी 'कुक् कुक्' करत आली आणि पोरं खिदळली. मी घड्याळ बघत होतो. काहीच होत नव्हतं. सुमंत माझ्याकडं बघून भुवया उडवत होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी बाजाराच्या बाजूनं आवाज आला. धान्यानं भरलेलं मोठं कपाट जमिनीवर आडवं पडावं, तसा. एकच. मग कुत्री भुंकायला लागली.

कोंबडी थांबली. "आजोबा, काय पडलं?"

"काही नाही. तू पुढचं म्हण…"

ती पुढचं म्हणाली. मला मात्र माझं पुढचं पाऊल कुठं पडतंय ते कळत नव्हतं. आम्ही चौघं कुलूप उघडून आत गेलो, तेव्हा धूळ अजून खाली बसायची होती. माडी सगळीच्या सगळी खाली आली होती. खालचे बाक कागदासारखे दुमडलेले. तिथं वर आणि खाली मिळून सव्वाशे पोरं बसली असती. सुमंत भिंतीला धरून उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "माझी दोन्ही नातवंडं…"

लोक म्हणाले, वाळवी. वाळवीच होती, तुळई हातानं चुरली जात होती. पण माडी रिकामी होती, सौमित्र. दाराला कुलूप होतं. ती सहा वाजून दहा मिनिटांनी कुणाच्या वजनानं पडली? की तोवर ती कुणी धरून ठेवली होती?

घाटावर परत जाऊन मी आभार मानले. कागद नव्हता. सगळ्यात आधी एकच नाव घेतलं, ज्योतिबाचं. का, ते सांगितलं नाही. फक्त म्हणालो की तीस वर्षं त्यानं आपल्याला सांगितलं, कुठं यायचं आणि किती वाजता, आणि आपण त्याला कधी काही म्हटलं नाही. धोंडुबाई पुढंच बसली होती. नंतर जवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "त्येंचं नाव घेतलंसा… लय झालं सर."

त्या दिवसानंतर मी रोज सकाळी उठल्यावर आधी त्याचे आभार मानतो. ओवी आता दहा वर्षांची आहे. ती वेणी घालताना आरशात बघून गुणगुणते, तेव्हाही मानतो. भीती वाटते, पण भीतीच्या वर कृतज्ञता आहे. एवढं मला नक्की ठाऊक आहे. बाकी कशाचीच खात्री नाही.

काय? लिहिलं कुणी?

मीही स्वतःला तेच विचारत घरी गेलो त्या रात्री. मी लिहिलं नाही, असं स्वतःला समजावत होतो. माझा डावा हात वर जात नाही आणि ती समई डाव्या हाताची आहे. याच एका गोष्टीवर मी माझं शहाणपण टांगून ठेवलं होतं. जेवायला बसलो. चारुलतेनं कंदील जवळ आणला, तेव्हाही दिवे गेले होते. आणि ती म्हणाली, "अहो, हाताला काय लागलंय तुमच्या?"

मी उजवा हात बघितला. स्वच्छ होता.

"तो नव्हे. डावा."

डाव्या हाताच्या तीन बोटांवर मुंग्या होत्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. खडू धरतो तिथंच. चावत नव्हत्या. नुसत्या फिरत होत्या.

म्हणून म्हणतो, फळा राहू दे. कपाट हवं तर शेजारच्या भिंतीवर लाव. हसू नकोस, आणि घाईही करू नकोस. मघाशी, तू यायच्या आधी, मी कचेरीत बाकावर जरा आडवा झालो होतो. चार वर्षांत पहिल्यांदाच. उठलो तेव्हा खांदा ठणकत होता, डावा.

कंदील उचल. वर धर, अजून वर. बघ, वरचा भाग ओला आहे. समई आली आहे, ज्योत दिसते ना? शब्द अजून यायचेत. उद्यापासून कार्यक्रम आहेत, सौमित्र. वाळेपर्यंत थांबू.