जाळीपलीकडची खुर्ची

बांधावरून दोन शेतकरी भांडत असले, की दोघंही थोडं थोडं खोटं बोलताहेत असं धरून चालायचं, हे सर्व्हेअरचं पहिलं शिक्षण. बावन्न साली आचोळ्याची जागा सोडून आम्ही सांडोरच्या चॅपेलमध्ये राहायला आलो, तोवर माझी नोकरी जुनी झाली होती आणि संशय अंगात मुरला होता.

चॅपेल आता नावालाच. कुण्या जुन्या घराण्याचं ते खासगी प्रार्थनामंदिर. घराणं पांगलं, मूर्ती मोठ्या चर्चमध्ये गेल्या, आणि नव्या मालकानं सागाच्या फळ्या ठोकून आत तीन बिऱ्हाडं पाडली. फळ्या छतापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे एकाच्या फोडणीला तिघं शिंकायचे. मधली मोठी कमान फळीनं चिरली होती; अर्धी आमच्याकडे, अर्धी शेजारच्या आलोशियसकडे. वेदीच्या पायरीवर माझ्या बायकोची, लीलाची, चूल होती. दाराजवळच्या दगडी तीर्थपात्रात आम्ही काड्यापेटी ठेवायचो. बाहेरच्या भिंती मात्र जुन्याच, चुन्याच्या, माणूस आडवा मावेल इतक्या जाड. आमच्या खोलीतल्या भिंतीत कमरेच्या जरा वर तळहाताएवढी तांब्याची जाळी होती, हिरवी पडलेली. वाऱ्यासाठी असेल, असं मी समजलो.

आचोळं सोडलं ते आमच्या मुलीमुळे. चार वर्षांची होऊन तापानं गेली. त्यानंतर लीला रडली नाही की धड बोलली नाही. घर बदललं तर बाई माणसात येईल, एवढीच माझी आशा होती.

आणि ती आलीही. थोड्याच दिवसांत वेणीत अबोली माळू लागली, चुलीपाशी गुणगुणू लागली. मला आनंद व्हायचा सोडून माझं डोकं भलतीकडे गेलं. मी दिवसभर शिवारात साखळी ओढत हिंडणार. आलोशियस पाचूबंदरच्या कोळ्यांतला, सडाफटिंग, बोट पाण्यात नसली की दुपारी घरीच. एकदा लवकर परतलो तर आतून लीलाचा आवाज येत होता, हळू, न थांबता. दार ढकललं. ती जाळीला तोंड लावून स्टुलावर बसली होती, एकटीच.

“कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी नाही हो. बोललं की हलकं वाटतं.”

मी आतून-बाहेरून टेप लावली. भिंतीच्या पोटात एक माणूस बसेल एवढी जागा हिशेबात बसेना. बाहेरच्या पडवीत, केळीच्या वाळल्या पानांच्या ढिगामागं, एक अरुंद दार सापडलं. ते आलोशियसच्या उंबऱ्याला लागूनच होतं. मी त्याला तिथंच गाठलं.

“ती कुमसाराची जागा,” तो जाळं विणता विणता म्हणाला. “तुमच्या बाजूनं मानूस पाप सांगायचा, आत बसून पाद्री आयकायचा. आता आत कोन नाय.”

“मग आमच्या घरातलं कोण ऐकतं?”

त्यानं छातीवर क्रूस केला. “पाद्री गेला, खुर्ची हाय. तुमी तिच्यावर बसू नका, साहेब. तिथं आयकलेला तोंडातून परत भायेर येत नाय. पाद्र्याच्या बी नाय.”

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निर्मळला मोजणी आहे असं सांगून निघालो आणि वाडीतून वळसा घालून दुपारी पडवीत आलो. आलोशियसच्या दाराला कुलूप होतं. आता तो आतच सापडणार, या खात्रीनं मी दार ओढलं. आत कुणी नव्हतं. भिंतींवर कोळिष्टकं होती, मेणाचा जुनाट वास होता, आणि एक खुर्ची. खुर्चीवर धूळ नव्हती. बसायची फळी वापरातल्या पाटासारखी गुळगुळीत होती. म्हणजे कुणीतरी रोज बसतंय. मी दार ओढून घेतलं, बसलो आणि जाळीला कान लावला.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. लीला बोलू लागली.

ती आमच्या मुलीविषयी बोलत होती. काय बोलली ते मला इथं सांगता येत नाही. मुलीचं खाणं, निजणं, रुसणं, सगळं एकेक करून तिनं जाळीतून आत सोडलं, आणि शेवटी नाव घेतलं. मला माझीच किळस आली. डोळे भरून आले.

“हे शेवटचं,” ती म्हणाली. “आता काही उरलं नाही.”

तिची माफी मागायची म्हणून मी धावत घरात गेलो. ट्रंक उघडी होती. लीलाच्या हातात छोटा पिवळा फ्रॉक होता.

“अहो, हा कुणाचा? मालकांच्या नातीचा राहिला असेल. देऊन येऊ का?”

थट्टा असेल, असं वाटलं. तिचे डोळे स्वच्छ होते.

‘आपल्या मुलीचा,’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. तुमच्यापाशी निदान ‘मुलगी’ म्हणता येतं. लीलापुढे तोही शब्द फुटत नाही, आणि नाव तर कुणापुढेच नाही. लिहायला बसलो की बोटं वळत नाहीत.

आमची मुलगी गेल्याचं आलोशियसला आधीपासून ठाऊक होतं; त्यानं लीलाला तसं सांगून पाहिलं. “काहीतरीच तुमचं!” म्हणून ती हसली. त्यानं पुढच्याच आठवड्यात खोली सोडली.

फ्रॉक मी लपवून ठेवला आहे. पडवीतलं दार मीच बाहेरून खिळे ठोकून बंद केलं.

आता पोर फक्त माझ्यापाशी आहे. हे एकट्यानं वाहवत नाही. काल लीला विहिरीवर गेली असताना मी सहज त्या स्टुलावर टेकलो, आणि नाव ओठांवर आलं. सबंध. नुसते ओठ उघडायचे होते. मग मीही लीलासारखा हलका झालो असतो, आणि पोर कुणाचीच राहिली नसती.

मी तोंडावर हात दाबून धरला.

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. ऐकू यावं म्हणून कुणीतरी जरा पुढं सरकलं.