धुरकऱ्याची सून

“गंगा! गोठ्याच्या दारात काय करून राह्यली वं? सरक मांगं!”

मनोहररावांचा आवाज कडाडला आणि गंगेचा उचललेला पाय तसाच मागे आला. सावंगीच्या दवाखान्यातून आलेल्या ऑटोतून तिचे सासरे आत्ताच उतरले होते... डोळ्यांवर काळा चष्मा, हात नातीच्या, आचलच्या, खांद्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर परत आली, आणि त्या नव्या नजरेला अंगणात पहिलं काय दिसावं, तर सुनेचा अपराध! गंगा दारातून बाजूला झाली. पण दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे आनंदानं भरून आले. दिसलं! मामाजींना फाटकापासून गोठ्यापर्यंत दिसलं! बोलू देत बाई काय बोलायचं ते... देव पावला!

नालवाडीत कुणालाही विचारा, शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी म्हटला की मनोहरराव! छकड्यावर ते उभे राहिले की पटाच्या दोन्ही अंगांना माणूस श्वास धरून बसायचा. मधे पटावर बंदी आली, उठली, आणि पांढऱ्या मिशांनिशी हा माणूस पुन्हा छकड्यावर चढला... बादल आणि पवळ्या ही जोडी घेऊन. गोऱ्हे असल्यापासून ती जोडी वाढवली होती गंगेनं, पोटच्या लेकरांसारखी!

आणि दोन वर्षांमागच्या त्या पटात विपरीत घडलं. भर वेगात छकडा दोरीच्या कुंपणात घुसला, मनोहरराव मातीत पडले, आणि गर्दीतून कुणीतरी फिदीफिदी हसलं, “बुढ्याले दिसते का नाई बाप्पा?” गंगेनं ते ऐकलं. घरात मामाजी भिंत चाचपत चालतात, चहा कपाबाहेर ओततात, हे तिच्यावाचून कुणाला ठाऊक होतं? नजर गेलेला धुरकरी म्हणून गावानं त्यांची टिंगल करावी? छे, छे! ती माऊली पदर सावरत पुढे धावली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “माहीच चूक झाली जी! मीनं सकायी बैलायले ढेप चारली!”

पटाच्या सकाळी धावत्या बैलाला सरकीच्या पेंडीची जड ढेप? असला अडाणीपणा लेकरूही करणार नाही. पण सून म्हणाली, लोकांनी मानलं, आणि मनोहररावांनी तर फारच लवकर मानलं! त्या दिवसापासून गोठा गंगेला बंद झाला. दोन पोळे तिनं बैलांची पूजा खिडकीतून पाहिली, आणि नवऱ्यालासुद्धा, स्वप्निललासुद्धा, खरं सांगितलं नाही.

बाजेवर टेकताच मनोहरराव म्हणाले, “आचल, मी पडलो त्या पटाचा व्हिडिओ लाव बरं. साऱ्या गावानं पाह्यला, मीनं नुसता आवाज आयकला.”

“नको!” गंगा किंचाळलीच. “मामाजी, डोयाले ताण पडते... डॉक्टरनं सांगतलं ना!”

“लाव म्हणतो ना मी!”

आचलनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. म्हाताऱ्यानं एकदा पाहिलं. पुन्हा लाव म्हणाला. गंगेला वाटलं, धरणी दुभंगावी...

“पोट भरलेला बैल मांगं पडते,” मनोहरराव पुटपुटले. “हे तं वाऱ्यावानी चालले... सरळ! कासरा मीनंच वढला. कुंपणाकडं, मीनंच!” त्यांनी मान वर केली. “गंगा, ढेप चारली होती का तू?”

गंगेनं मान खाली घातली. “नाई जी.”

“मंग काऊन खोटं बोलली वं?”

“लोकं हासून राह्यले होते, मामाजी! तुमचं एवढं नाव... माहं काय, सुनेच्या जातीले बोल लागाचाच!”

“अन् मी गाढव! मले दिसत नाई हे मले ठावं होतं, पोरी! तुह्या अंगावर लोटलं अन् सुटलो...” त्या कठोर माणसाची हनुवटी लटपटली.

“आबाजी, रडायची मनाई आहे हं!” आचल घाबरून ओरडली. “डॉक्टर रागावतील!”

मनोहररावांनी एक लांब उसासा सोडला. “मंग माह्या वाटचं तूच रडून घे, गंगा.”

आणि गंगा रडली... मन भरून, हुंदके देऊन रडली! दोन वर्षांचं साचलेलं सगळं वाहून गेलं, आणि मग तिला एवढं हलकं वाटलं की तिचं तिलाच हसू आलं.

त्या दिवशी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे, हा मान घरच्या धुरकऱ्याचा. मनोहररावांनी हळदीची वाटी उचलली आणि सुनेच्या हातात ठेवली.

“यंदा बायायच्या पटात जोडी तूच हाकजो. धुरकरी आता तू हायेस. जाय!”

ती गोठ्यात शिरली. बादलनं मान झटकली, पवळ्यानं तिचा तळवा चाटला. “मेल्यांनो, ओळखता का रे अजून?” म्हणत तिनं कोमट तूप-हळद त्यांच्या राठ खांद्यांवर चोळली, आणि रीतीप्रमाणं दोघांच्या कानात जेवायचं आमंत्रण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या...”

दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. मनोहरराव उभे होते. आत येऊ की नको, अशा संकोचानं, हात जोडून.

“अन् मले, माय? मले नाई का आवतन?”

गंगेनं हळदीच्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “या ना, मामाजी. तुम्ही बी या.”