शीण ठेवायची जागा

उंच पठारावरच्या साहामा गावात सायकल बिघडली तर हिलारियाकडे न्यायची आणि ज्वालामुखींच्या रानात वाट चुकायची नसेल तर तिच्या धाकट्या भावाला, झेनोनला, सोबत घ्यायचं, हे सगळ्या सायकलवाल्यांना ठाऊक होतं. आईबापांच्या मागे ही दोघंच उरली होती. मातीच्या घरात पुढं तिचं दुकान, मागं पाहुण्यांच्या खोल्या. सकाळी बादलीतलं पाणी दगड झालेलं असायचं आणि चाकाच्या ताराही अशा गार, की हिलारियाची बोटं बधिर व्हायची. मग झेनोन यायचा, तिचे दोन्ही हात ओंजळीत धरायचा आणि ‘हा हा’ करत ऊन श्वास सोडायचा. “घे, भट्टी पेटली,” म्हणायचा. एवढा बाप्या झाला तरी लहानपणची ही खोड गेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती जाऊच नये असं तिला वाटायचं.

ऑगस्टात, म्हणजे तिकडच्या भर थंडीत, वारा सुटला होता. त्या वाऱ्यात तो एका परदेशी नवराबायकोला घेऊन वरची खिंड ओलांडून आला. आला तो थेट अंथरुणात पडला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी उठेना. एरवी झोपेतही पाय हलवणारं पोरगं! हिलारियानं आधी चेष्टा केली, म्हातारा झालास म्हणाली. मग कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दवाखान्यातली नर्स घरी येऊन गेली, छाती तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला आणि म्हणाली, घोड्यासारखा आहे, चार दिवस आराम करू दे.

आरामानं तो आणखीच खंगला. एकदा त्याचं अंग पुसताना हिलारियाला त्याच्या खांद्यांवर वळ दिसले, दोरखंडाचे. असे वळ तिनं फक्त आजोबांच्या पाठीवर पाहिले होते. ते लामा जनावरांच्या तांड्याबरोबर मिठाच्या गोण्या वाहायचे. झेनोननं उभ्या जन्मात मीठ वाहिलं नव्हतं. पायात तो बंद बूट घालायचा, आणि पावलांवर फोड होते ते मात्र चपलेच्या पट्ट्याखालचे. झोपेत तो कुठलीशी हरवलेली लामा शोधत होता, आणि बोलत होता ती त्यांची आयमारा भाषा इतकी जुनी, की निम्मे शब्द हिलारियाला कळेनात.

मग एका दुपारी त्यानं डोळे उघडले. दोन्ही हात छातीशी दुमडलेले होते आणि कोपरापर्यंत थरथरत होते.

“ताई, हिला आता खाली ठेवू का?” तो हळूच म्हणाला. “झोपलीय ती.”

हिलारियानं पाहिलं. हातात काहीच नव्हतं. तरी तिच्या तोंडून, “ठेव रे राजा, ठेव,” असंच निघालं.

“ठेवता येत नाहीये,” तो म्हणाला आणि रडायला लागला.

त्या संध्याकाळी नुसतं बसवेना म्हणून तिनं त्याचा तंबू झटकायला काढला. घडीतून एक दगड पडला, मुठीएवढा. त्याच्या एका अंगाला चघळलेलं कोकाचं पान वाळून चिकटलं होतं. हा दगड कुठला, हे सांगायला कुणी नको होतं. खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास आहे. चढ सुरू होतो तिथं दगड उचलायचा, तोंडातलं पान त्याला चिकटवून माथ्यावर राशीत ठेवायचा, आपलं नाव सांगायचं, भार तिथंच सोडायचा आणि हलक्या अंगानं उतरायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. राशीतला दगड घरी आणल्याचं कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं.

झेनोननं तुटक तुटक सांगितलं ते असं: वारा तंबू उपटून नेत होता, ती बाई भेदरली होती, म्हणून त्यानं राशीतलेच दगड तंबूच्या कडांवर ठेवले. सकाळी सगळे परत रचले. हा एक घडीत राहिला.

शेजारच्या कासिमीरा मावशी मागावर विणत होत्या. दगड पाहून त्यांनी हात मागं घेतला. ज्यानं उचलला त्यानंच न्यायला हवा, म्हणाल्या. झेनोनला तर धड उठून बसवत नव्हतं.

“दगडाला काय कळतंय हात कुणाचा ते?” हिलारिया म्हणाली. पण म्हणतात ना, सोंग आणायचं तर पुरतं आणावं. पहाटे तिनं त्याचं जाकीट चढवलं, त्याची कानटोपी, त्याचे हातमोजे घातले, आणि त्याचीच सायकल काढली. भाऊ डोळ्यांदेखत झिजत असताना शहाणपण कुठवर सांभाळायचं?

रेताड रस्ता, बाजूला उकळत्या झऱ्यांची वाफ, समोर दोन पांढरे डोंगर. सायकलवाला दिसला की लामांच्या जातीची ती रानटी विकुन्या जनावरं हरणांसारखी उधळतात. आज उधळली नाहीत. जागच्या जागी उभी राहून बघत होती. तिच्याकडे नव्हे, तिच्या मागं.

तिनं मागं पाहिलं नाही.

चढाआधी एक लांब उतार आहे, पोरं तिथं हात सोडून जातात. तिथं सायकल चालेचना. हिलारियानं उतरून ब्रेक पाहिले, मोकळे होते. चाक उचलून फिरवलं, भिंगरीसारखं फिरलं. ती बसली की सायकल थांबे. शेवटी भर उतारावर पायडल मारत ती खाली गेली.

तिथून पुढं सायकल ढकलतच न्यावी लागली.

माथ्यावर पोचली तेव्हा वारा पडलेला होता. ऑगस्टात, त्या खिंडीत. टोपीचा गोंडासुद्धा हलत नव्हता.

तिनं दगड राशीत ठेवला. नाव सांगायला हवं होतं.

“मी झेनोन मोल्यो,” तिनं आवाज जाड केला. “माझं जे जे आहे ते सगळं इथं ठेवतो.”

राशीतून लहानसा खडखडाट झाला, दगडानं जागा केल्यासारखा.

मग वारा आला. परतताना सायकल अशी सुटली की हिलारिया हसत होती आणि रडतही होती.

झेनोन अंगणात उभा होता. ताठ! लाकडं फोडून ढीग घातला होता. खांद्यावर वळ नाही, पायाला फोड नाही. हिलारियानं त्याला कवटाळलं, शिव्या दिल्या, परत कवटाळलं. चुलीवरचं सूप तिनं ठेवलं होतं तसंच होतं. भूक नाही म्हणाला. आनंदाच्या भरात तिनं ते मनावर घेतलं नाही.

कासिमीरा मावशी कुंपणापाशी आल्या. त्याला बराच वेळ बघत राहिल्या.

“तिथं नाव कुणाचं सांगितलंस?”

“त्याचंच की. दुसऱ्या कुणाचं सांगणार?”

मावशी कुंपणापासून मागं सरल्या. घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी बादलीतलं पाणी दगड झालं होतं. पाहुणे निघायच्या गडबडीत होते, त्यांच्या तोंडून ढगच्या ढग निघत होते. कुत्र्याच्या नाकातूनही वाफ येत होती. हिलारिया चाक घट्ट करत बसली होती, बोटं बधिर झाली होती.

झेनोन आला. हसत समोर बसला. तिचे दोन्ही हात त्यानं ओंजळीत घेतले, तोंडाशी नेले आणि गाल फुगवून ‘हा’ केलं.

“घे, भट्टी पेटली,” तो म्हणाला.

हिलारिया वाट बघत राहिली. बोटं गारच होती. दोघांच्या मध्ये वाफ होती, पण ती तिची एकटीची.