जाईच्या आईचे मागे पडलेले पाच तास

चंद्रावरच्या अरुंधती वसाहतीत राहायला गेलेल्या पहिल्या सात कुटुंबांत लोखंडे मायलेकी होत्या. हेमलता लोखंडे खडकांतून जाणारी सहाचाकी गाडी चालवायची. तिच्याइतका सराईत हात तिथे दुसऱ्या कोणाचा नव्हता, म्हणून ध्रुवाजवळच्या विवरातून बर्फ आणण्याची पहिली मोहीम तिच्याकडे आली होती. बारा वर्षांच्या जाईला याचा फार अभिमान होता.

आणि मोहिमेला बारा दिवस उरले असताना आई सकाळच्या चाचणीत नापास झाली. पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचे, इतकी साधी चाचणी. पण आईचे बोट दर वेळी उशिरा पडत होते.

"हेमलताताई, दहा दिवसांनी पुन्हा घेऊ," वसाहतप्रमुख कॅप्टन रुखसाना मुजावर म्हणाल्या. "तेव्हाही असंच झालं, तर मला दुसरा चालक पाठवावा लागेल."

खोलीत आल्यावर आई म्हणाली, "ताप नाही, दुखणं नाही. वेळेवर आडवी होते, पण झोप येत नाही आणि उठायच्या वेळी डोळे उघडत नाहीत. मला झालंय तरी काय, जाई?"

जाईने वाईला आजोबांना फोन लावला. आईचे वडील डॉ. विश्वंभर हिवाळे यांनी शरीराच्या कामकाजाचा अभ्यास करण्यात जन्म घालवला होता. पृथ्वीवरून उत्तर यायला अडीच सेकंद लागत. आजोबा तसेही विचार करूनच बोलत.

"तुमच्या मनगटावरचे पट्टे शरीराचं तापमान नोंदवतात ना? ते रोज सगळ्यात कमी किती वाजता होतं, ते काढ. एरवी उठायच्या दोनेक तास आधी होतं."

जाईने वसाहतीतल्या सगळ्यांच्या एकवीस दिवसांच्या नोंदी कागदावर मांडल्या. पहिल्या दिवशी आईचे तापमान पहाटे चारला सगळ्यात कमी होते. मग सव्वाचारला, मग साडेचारला. आता सकाळचे नऊ. जाईचे स्वतःचे रोज आठ मिनिटांनी लांबत होते, तर कॅप्टन मुजावरांचे दहा.

"सगळ्यांचंच उशिरा होत चाललंय, आजोबा, पण प्रत्येकाचं वेगळं. भिंतीवरचं घड्याळ तर एकच आहे."

"मग मागे पडणारं घड्याळ कुठे असेल?"

जाई म्हणाली, "आमच्या आत?"

"बरोबर. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्याच्या किंचित वर, हायपोथॅलॅमसमध्ये (भूक, झोप, तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग) पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून हजारो पेशी. सस्तन प्राण्यांचं (पिल्लांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांचं) मुख्य घड्याळ ते. तुझ्यात आहे, तसंच उंदरातही आहे."

"काटे नाहीत, तर ते चालतं कसं?"

"त्या पेशींतली काही जनुकं (पेशीने काय बनवायचं, याच्या सूचना) प्रथिनं बनवून घेतात. प्रथिनं साठत जातात. पुरेशी साठली की ती आपल्याच जनुकांना गप्प करतात. मग नवी बनत नाहीत, जुनी हळूहळू मोडतात. संपत आली की जनुकं पुन्हा कामाला लागतात. अशा एका फेरीला साधारण चोवीस तास लागतात. बहुतेक माणसांत थोडे जास्तच. पृथ्वीवर रोजचा उजेड ती चूक दुरुस्त करतो."

जाईने छताकडे पाहिले. वसाहत जमिनीखालच्या बोगद्यांत होती आणि वीज वाचावी म्हणून तिथे सदैव मंद पिवळे दिवे असत. याआधीची माणसे आठ-दहा दिवसांत परत जात, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने आईला भाजीपाल्याच्या दालनात, झगझगीत पांढऱ्या दिव्यांखाली बसवले. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग नोंद पाहिली. तापमान आता नऊला नाही, दहाला सगळ्यात कमी होत होते.

"मी आईला आणखी बिघडवलं," ती आजोबांना म्हणाली.

"तू मोजलंस म्हणून तर कळलं. आता सांग, भिंतीवर सहा वाजले, तेव्हा आईच्या मेंदूत किती वाजले होते?"

जाईने मागे पडलेले पाच तास वजा केले. "रात्रीचा एक."

"त्या वेळी उजेड दिसला, तर मेंदूला काय वाटेल?"

"की अजून संध्याकाळच चाललीय. म्हणून घड्याळ आणखी मागे पडलं." ती सावरून बसली. "तापमान सगळ्यात कमी होऊन गेल्यावर उजेड दाखवला, तर मेंदूला पहाट वाटेल."

"आणि घड्याळ पुढे ओढलं जाईल. आता यकृत, पोट, स्नायू यांचीही छोटी घड्याळं असतात. ती मेंदूचं ऐकतात, पण जेवणाच्या वेळेकडेही बघतात. तेवढं लक्षात ठेव."

जाईने नवा तक्ता केला आणि तो कॅप्टन मुजावरांकडे नेला. साडेदहापर्यंत आईने काळा चष्मा लावायचा, मग दोन तास पांढरा उजेड, त्यानंतर न्याहारी. रोज सगळे पाऊण तास आधी. संध्याकाळी खोलीत अंधुक नारिंगी दिवा.

कॅप्टननी तक्ता दोनदा वाचला. "यात तू स्वतःची चूकही लिहिली आहेस."

"ते दोन दिवस तसंच झालं होतं."

कॅप्टननी आईच्या कामाच्या वेळा त्याच दिवशी बदलल्या.

सव्वानऊ, साडेआठ, पावणेआठ. कागदावरच्या खुणा रोज वर चढत गेल्या. आठव्या दिवशी आई हाक मारण्याआधी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "भूक लागलीय गं."

त्या सकाळच्या चाचणीत तिचा आकडा वसाहतीत सर्वांत चांगला आला. ठरल्या दिवशी तिची गाडी बोगद्याबाहेर पडली आणि पाच दिवसांनी तीनशे किलो बर्फ घेऊन परतली. तोवर सगळ्या बोगद्यांत सकाळी पांढरे आणि संध्याकाळी मंद दिवे लागू लागले होते. कॅप्टननी पृथ्वीला पाठवलेल्या अहवालात लिहिले होते, 'प्रकाशाचे वेळापत्रक : जाई लोखंडे.' आईने तो अहवाल उभ्या उभ्या वाचला आणि जाईला जवळ ओढले.

त्या आठवड्यात आजोबा फोनवर म्हणाले, "मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा. तिथे राहणाऱ्यांसाठी दिवे कसे लावायचे, ते अजून नीट ठरलेलं नाही."

जाईने कोरा कागद पुढ्यात घेतला, वर 'मंगळ' लिहिले आणि आईकडे वळली.

"तिथली गाडी चालवायला येशील?"

"तू दिवे सांभाळणार असशील, तर येईन," आई म्हणाली.