फळीवरचा जोड

दीपगृहावर चढायचं तर चपला खाली, दाराच्या आतल्या फळीवर काढायच्या, असा तिथला नियम. मांडव्याला उतरून आलेली शहरी मंडळी कुरकुर करायची, पण दारावरच्या भावनाला हा नियम भारी सोयीचा होता. संध्याकाळी फळी रिकामी दिसली की वर कुणी नाही असं समजायचं आणि कुलूप ठोकायचं. माणसं थापा मारतात, चपला मारत नाहीत.

त्या दिवशी एक जोड उरला. रबरी, ओला, उजवा पट्टा जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो टाका भावनानंच घातला होता, तिच्या भावाच्या, चंदरच्या चपलेला.

चंदरची होडी वादळात सापडली होती आणि अजून पत्ता नव्हता. होडीवर तो अनवाणीच जाई. मागे राहिलेल्या चपलांची तोंडं आई घराकडे वळवून ठेवी, म्हणजे माणूस परततो. भावनाचा त्यावर विश्वास नव्हता, पण या खेपेला तिनंही रोज दारात डोकावून पाहिलं होतं.

ती वर जाऊन आली. कुणीच नव्हतं. पायऱ्यांवर ओली पावलं होती, सगळी वर जाणारी. तिनं घरी फोन लावला.

"आये, चंदरच्या चपला दारात हायेत?"

"हायेत की. आत्ताच पुसल्या. का गो?"

"काय न्हाय."

"कुणीतरी इसरला असंल," तिचा वरिष्ठ गुणाजी म्हणाला. "तूच बघून आलीस ना? लाव कुलूप."

तिनं लावलं, जोड आत फळीवरच राहू दिला. तेवढ्यात आईचा फोन आला. होडी थळच्या किनाऱ्याला लागली होती. चंदर सुखरूप होता.

घरी तो भात खात बसला होता. आईनं दृष्ट काढली. भावना रडली, हसली, त्याच्या पाठीत धपाटा घातला. पाठ गार लागली. दमलाय, असं तिनं मनाशी म्हटलं.

सकाळी चंदर दारातल्या त्या चपला घालून उभा राहिला.

"आये, या कुणाच्या? मला मोठ्या होतात."

"खाऱ्या पाण्यात पाय आटले व्हय तुझे," आई हसली.

भावना हसली नाही. त्या उजव्या पट्ट्यावरही तिचाच निळा टाका होता. ती धावतच दीपगृहाकडे गेली.

कुलूप जसंच्या तसं होतं. तिनं दार उघडलं. फळी रिकामी होती.

पायऱ्यांवरची ओली पावलं आता खाली येणारी होती.

चपला आत, उंबऱ्याला अगदी टेकून ठेवल्या होत्या. तोंडं घराकडे.