वीस किलोंचं मूल

फ्रिजच्या स्टॅबिलायझरने खट् केलं, तशी इतका वेळ गप्प बसलेली हेमांगी बोलायलाच लागली.

"उद्या माफीनाम्यावर सही करायची, नाहीतर नोकरी गेली. आणि मी सही करणार नाहीये, अरुणाताई!"

दिल्लीला लागून असलेल्या कौशांबीच्या या नव्या फ्लॅटमधूनच अरुणा खासगी तपास करायची. तिचे मदतनीस म्हणजे शेजारचे राजाभाऊ, सरकारी अतिथिगृहातून निवृत्त झालेले. त्यांनी हेमांगीच्या पेंगणाऱ्या मुलीच्या, देवयानीच्या डोक्याखाली उशी सरकवली.

हेमांगीच्या नोएडातल्या कंपनीचा प्रोग्रॅम मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस सांगायचा. सोमवारी तो अमेरिकन पाहुण्यांना दाखवला. वीस किलोंच्या मुलाचा डोस निम्म्याहून कमी आला!

"साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मुलीला शाळेतून आणायला पळणाऱ्या बाईकडून आणखी काय होणार! मला मागे बसवलेलं, पडदाही दिसत नव्हता. तेव्हापासून मशीनला हात लावू देत नाहीत."

"चूक तुझी नाही कशावरून?"

"माझं फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला डोस काढणारा तुकडा. त्याला वजन द्यायचं, आणि ते किलो की पौंड हे द्यायचं. ते तेवढंच बघतं. बाहेरचं काही वाचत नाही, बाहेरचं काही बदलत नाही. तेच दिलं की तेच उत्तर, कधीही. शुद्ध फंक्शन म्हणतात त्याला."

"रात्रीत मशीन बिघडलं असेल," राजाभाऊ म्हणाले.

"मशीन इतकं नेमकं बिघडतं का हो?" अरुणा हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून देवयानीही तिघांबरोबर नोएडाच्या ऑफिसात आली.

प्रोग्रॅममधला छपाईचा भाग उन्मेषचा होता. "मी सोमवारी भोपाळच्या गाडीतून उतरून थेट इथे आलो, मॅडम. माझी छपाई पौंडात असते. ती सुरू झाली की सामायिक जागेत, म्हणजे प्रोग्रॅमच्या सगळ्या भागांना वाचता येणाऱ्या जागेत, 'पौंड' लिहिते."

"मग पुसते?"

"कशाला? ती जागा दुसरं कोणी वाचतच नाही."

इंद्रजित साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "मी मॅनेजर आहे. कोडला हात लावत नाही. रविवारी हिने ऑफिसची एकुलती किल्ली आणून दिल्यावर मात्र स्वतः येऊन बघितलं. प्रोग्रॅम आधी वजन विचारतो, मग किलो की पौंड विचारतो. पाहुण्यांसमोर इतकी चौकशी शोभते का?"

"आणि किल्ली?"

"माझ्या खिशात. सोमवारी पाहुणे आल्यावर दार मीच उघडलं. आधी छपाई दाखवली, मग डोस."

अरुणाने मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं. हेमांगीने वीस लिहिलं. पडद्याने पुढे काहीच विचारलं नाही. डोस बरोबर आला.

"देखा? ठीक तर आहे!" साहेब म्हणाले.

"आता छपाई चालवा. आणि पुन्हा वीस."

डोस निम्म्याहून कमी!

राजाभाऊंनी डोकं खाजवलं. "म्हणजे आधीचा पाहुणा पंखा पाचवर ठेवून गेला, आणि नंतरचा गारठला?"

"अगदी तसंच, राजाभाऊ. वीस तेच, उत्तर वेगळं. हे फंक्शन हातात दिलेल्यावर भागवत नाही, आधी कोण काय करून गेलं ते चोरून वाचतं. हेमांगीचं असं वागूच शकत नाही. कोणीतरी किलो-पौंडाचा प्रश्न काढून टाकला आणि उत्तर सामायिक जागेतून घेतलं. मशीन सुरू होताना तिथे किलो असतो, छपाईनंतर पौंड."

"उन्मेष!" साहेब गरजले.

"तो गाडीत होता. रविवारी हेमांगी गेल्यावरही प्रश्न दोन होते, हे तुम्हीच सांगितलंत. सोमवारी एकच उरला. मधल्या वेळात किल्ली कोणाच्या खिशात होती, साहेब?"

साहेबांनी माफीनामा चुरगळला. "चलो, झालं ते झालं. हेमांगी, उद्यापासून ये कामावर."

"चुरगळू नका," हेमांगी म्हणाली. तिची मान ताठ होती. "मजकूर चांगला आहे. माझं नाव खोडा, तुमचं लिहा, आणि सही करा. मग येते."

साहेबांनी माफीनामा टेबलाच्या खणात टाकला.

देवयानीने आईची ओढणी ओढली. "आई, माझी गलती झाली की तू लगेच सॉरी म्हणायला लावतेस. या काकांना आई नाहीये का?"