तुम्ही तिच्या कोण?

"देवस्थळींच्या नातवाची लाळ तपासायची? मृण्मयी, पुन्हा एकदा विचार कर," डॉ. रोहिणी वासनिक म्हणाल्या. नागपूरच्या जनुकपट प्रयोगशाळेतलं नातेशोधक यंत्र त्यांनीच बांधलं होतं.

"न्यायालयाचा आदेश आहे, ताई. पालकत्व मंडळाच्या लोकांच्या घरांची तपासणी सगळ्यात आधी. मीच मागून घेतलाय."

"यंत्राला माया कळत नाही गं. मुलाचा अर्धा जनुकपट आईचा, अर्धा बापाचा. लाळेच्या थेंबावरून ते राज्याच्या जनुककोशातून दोघांना हुडकतं, एवढंच."

"त्यांच्या कायद्यालाही तेवढंच कळतं."

ज्याचे जनुक, त्याचं मूल. हा कायदा मंडळाचे अध्यक्ष अनंतराव देवस्थळी यांनी आणला होता. दोन वर्षांपूर्वी मृण्मयीची जोडीदार शलाका अपघातात गेली आणि तेरावा होण्याआधीच मंडळाची गाडी दारात उभी राहिली. चार्वीला शलाकाने जन्म दिला होता. मृण्मयीने तिला सहा वर्षं वाढवलं, पण तिचा एकही जनुक त्या पोरीत नव्हता. चार्वीला मामाकडे धाडलं. शलाका दुसऱ्या बाईबरोबर राहते म्हणून त्याने बहिणीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"तुम्ही तिच्या कोण?" सुनावणीत देवस्थळींनी हसत विचारलं होतं.

ते हसणं मृण्मयी विसरली नाही. दोन आया किंवा दोन बाबा असलेली चारशे कुटुंबं तिने संघटनेत गोळा केली. देवस्थळींच्या सुनेने परकं बीजांड घेतल्याची कुजबुज तिच्या कानावर आली, तेव्हा तिने थेट न्यायालय गाठलं.

"एखादं लेकरू होरपळेल," रोहिणीताई म्हणाल्या.

"माझं होरपळलंच ना?"

रोहिणीताईंनी लाळेचा नमुना यंत्रात घातला. तासाभराने ते थांबलं. त्यांनी अहवाल वाचला आणि तिच्या हातात दिला. पिता: देवस्थळींचा मुलगा. माता: मृण्मयी उकिडवे.

विद्यार्थिनी असताना तिने एका अनोळखी जोडप्यासाठी बीजांडदान केलं होतं. नावं गुप्त राहतील, असं दवाखान्याने सांगितलं होतं.

अहवालाची प्रत मिळताच संध्याकाळी देवस्थळी प्रयोगशाळेत आले. "पोरगं आईच्या हातूनच जेवतं हो. दया करा."

"कोणती आई? कायद्याने मीच ना? परवा मंडळाची गाडी तुमच्या दारात येईल."

म्हातारा हात जोडून उभा होता. मृण्मयीने त्याला बस म्हटलं नाही. हे सुख तिला दोन वर्षांनी मिळत होतं आणि तिला ते पुरवून पुरवून घ्यायचं होतं.

"मूल नकोय मला," शेवटी ती म्हणाली. "तुमची सूनच त्याची आई आहे. पण हे उद्या मंडळासमोर तुम्ही बोलायचं, आणि कायदा तुमच्याच हाताने मागे घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात देवस्थळी उभे राहिले. "ज्यांनी वाढवलं, तेच पालक. कायदा रद्द."

त्या वाक्यासरशी चार्वी पुन्हा तिची झाली. रोहिणीताईंनी डोळे पुसले. "चल, मामाच्या गावाला तीन तास लागतात."

मृण्मयी जागची हलली नाही.

"ऐकू आलं नाही, अनंतराव. पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, आणि मगच ती लेकीला आणायला निघाली.